क्रीडा-आघात व मर्दन : अभ्यासक्रम निवडताना

कबड्डी, कुस्ती, खो-खो यांचे खेळाडू अभ्यंगासाठी आपल्याकडे येतात. त्यामुळे मर्दनाच्या लघु अभ्यासक्रमास स्वतः जावे किंवा सहायकास पाठवावे, असे वैद्यबंधूंस वाटणे स्वाभाविक आहे. तेथे किती हस्तक्रिया शिकवितात यापेक्षा मर्दन केव्हा निषिद्ध हे शिकवितात काय, ते प्रथम विचारावे. मांडीस जबर मार लागल्यावर आरंभीच्या दिवसांत जोराने चोळल्यास रक्तस्राव वाढतो. पुढे स्नायूत अस्थिनिर्मिती होण्याचाही धोका असतो. पोटरीची सूज व वेदना सिरेतील रक्ताच्या गुठळीमुळे असल्यास मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सुश्रुतोक्त १०७ मर्मांपैकी ऊर्वी मांडीत व इंद्रबस्ति पोटरीतच आहे, हे येथे स्मरावे.

त्यानंतर शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष सराव किती तास, हे पाहावे. अस्थिभग्नाचा संशय आल्यास क्ष-किरण तपासणीस केव्हा पाठवावे, हेही पाठ्यक्रमात असावे. अर्धा वेळ एखाद्या तेलाच्या गुणवर्णनात जात असेल, तर औषधविक्रेत्यांनी तो प्रचारच समजावा. शुल्क भरण्यापूर्वी लेखी पाठ्यक्रम मागावा व शक्य तर एक तासिका पाहावी.