कपातला चहा आणि खुनाचा पुरावा

(माजलगाव येथील सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वाचून काही जण गालातल्या गालात हसले, ते मी पाहिलं. खुनाच्या मालिकेतल्या चुका शोधायच्या, याला व्याख्यान कशाला लागतं? आपल्या घरात एक तरी आजी असतेच, जी सांगते, ‘अगं, आत्ता तर हिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं!’ खरंय. चूक दिसायला शिक्षण लागत नाही. पण दिसलेली ती गोष्ट चूक आहे की लेखकाने मुद्दाम पेरलेला धागा आहे, हे ओळखणं अवघड आहे. आज त्याबद्दलच बोलायचंय.

सासू-सुनेच्या मालिकेत कपातला चहा एकदा भरलेला आणि एकदा अर्धा दिसला, तर आपण हसतो आणि सोडून देतो. खुनाच्या मालिकेत तसं करता येत नाही. कारण तिथे पहिल्याच भागात आपल्याला सांगितलेलं असतं, की बाबांनो, डोळे उघडे ठेवा, खुनी कोण ते तुमच्यासमोरच आहे. मग आपण कप बघतो, घड्याळ बघतो, कुणी कुठल्या हाताने दार उघडलं तेही बघतो. अशा वेळी कप आपोआप अर्धा झाला, तर प्रेक्षकाच्या डोक्यात ‘मध्ये कुणीतरी येऊन गेलं’ असा हिशेब सुरू होतो. तो हिशेब शेवटी कुठेच लागत नाही. म्हणजे तुमची नजर तेज असेल, तेवढे तुम्ही जास्त फसता. मला हा प्रकार अन्यायाचा वाटतो.

आता या चुका होतात कशा, ते बघू. आपल्या धरणाचंच उदाहरण घेऊ. समजा, माजलगाव धरणाच्या भिंतीवर दोन माणसांचं भांडण होतं आणि त्यातून एकाचा खून होतो. पडद्यावर हा प्रसंग चार मिनिटांचा. शूटिंगला मात्र अख्खा दिवस जातो. आधी दोघंही दिसतील असा मास्टर शॉट घेतात. मग कॅमेरा एका बाजूला लावून पहिल्याचे सगळे क्लोज-अप उरकतात, कारण लाइट हलवण्यात फार वेळ जातो. जेवणाची सुट्टी होते. त्यानंतर कॅमेरा उलट बाजूला नेऊन दुसऱ्याचे क्लोज-अप घेतात. म्हणजे पहिल्याने सकाळी दहाला विचारलेल्या प्रश्नाला दुसरा दुपारी तीनला उत्तर देतो! तोवर सावली फिरलेली असते, शर्टाला घाम आलेला असतो, हातातली सिगारेट कितवी असते ते देवाला ठाऊक. आणि प्रसंग फेब्रुवारीत अर्धा राहिला आणि उरलेला मे महिन्यात घेतला, तर मागे सिंदफणेचं पाणी किती हटलेलं दिसेल, ते माजलगावकरांना मी काय सांगणार?

यावर लक्ष ठेवायला सेटवर एक माणूस असतो. ‘कंटिन्यूइटी’ बघणारा, बहुतेक वेळा सहायक दिग्दर्शकांपैकीच एक. पदर कुठल्या खांद्यावर होता, कप उजव्या हातात होता की डाव्या, ‘तू खोटं बोलतोस’ या वाक्याच्या आधी उठला की नंतर, हे तो लिहून ठेवतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. रोजच्या मालिकेत ही कामगिरी आणखी कठीण होते. एका सेटवरचे चार-पाच भागांमधले प्रसंग एकाच दिवशी उरकले जातात. सकाळी खून झाल्यानंतरचं रडणं आणि दुपारी खुनाच्या आधीचं हसणं, तेही त्याच ओसरीवर.

बरं, सगळ्या चुका नजरचुकीने राहतात असंही नाही. संकलकाला चूक दिसते आणि तो ती ठेवतो. वॉल्टर मर्च नावाचे मोठे अमेरिकन संकलक आहेत. ‘कट’ कुठे करावा याचे सहा निकष त्यांनी सांगितले आणि त्यांना वजनंही दिली. भावनेला 51 टक्के. माणसं-वस्तू जागच्या जागी आहेत का, ही जागेची सलगता शेवटी, फक्त 4 टक्के. नटाचा हुंदका खरा आला असेल, तर कप भरलेला का असेना, तोच टेक घ्या, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. कौटुंबिक नाट्यात हे मला शंभर टक्के मान्य आहे. रहस्यकथेत हा हिशेब बदलायला हवा, असं माझं मत. तिथे कप हासुद्धा साक्षीदार असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चूक आणि धागा वेगळे कसे करायचे? माझी एक साधी कसोटी आहे. चूक कॅमेऱ्याच्या कोनाबरोबर ये-जा करते. इकडून पाहिलं तर कप भरलेला, तिकडून अर्धा, पुन्हा इकडून भरलेला. असं दिसलं की समजायचं, दोन वेगवेगळ्या वेळचे टेक जोडलेत. मुद्दाम केलेला बदल मात्र टिकतो. टेबलावरची सुरी एकदा नाहीशी झाली की नंतरच्या प्रत्येक कोनातून ती नाहीशीच असते. म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, पहिला कोन परत येईपर्यंत थांबा. दुसरं असं, की धागा असेल तर लेखकाला तो कधीतरी उचलावा लागतो. एखादं पात्र तिकडे बघतं किंवा दोन भागांनंतर कुणीतरी त्याविषयी विचारतं. चुकीला असा वाली नसतो.

या सगळ्यावर एक जालीम उपाय आहे. जोडच द्यायचा नाही! आपल्या ‘सीआयडी’ने तो करून दाखवला. 1998मध्ये सुरू झालेली ही मालिका, शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न. 2004मध्ये त्यांनी ‘द इनहेरिटन्स’ नावाचा 111 मिनिटांचा भाग एकही कट न करता, सलग एका शॉटमध्ये चित्रित केला. त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. आजच्या विषयाच्या अंगाने बघा, कट नाही म्हणजे सकाळची सावली दुपारच्या सावलीला जोडण्याचा प्रश्नच मिटला. पण किंमत काय? नव्वदाव्या मिनिटाला कुणी अडखळला, तर मागची एकोणनव्वद मिनिटं पाण्यात. रोजच्या मालिकेला हे परवडणारं नाही.

आतापर्यंत शॉट-शॉटमधल्या चुका झाल्या. त्याहून वाईट चूक असते कथेची. ‘रात्रीस खेळ चाले’ आठवा. 2016च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली. 2019मध्ये दुसरं पर्व आलं, ते आधीची गोष्ट सांगणारं. लेखकांची अडचण लक्षात घ्या. शेवट प्रेक्षकांना पाठ, आणि पहिल्या पर्वात माणसं अण्णांबद्दल जे जे बोलून गेली, त्याच्याशी आता दाखवायचं ते जुळायला हवं. त्यात मार्च 2020मध्ये सगळीकडचं शूटिंग बंद पडलं आणि मालिकांचे नवे भाग जुलैत सुरू झाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा बंदी आली, तेव्हा अनेक मराठी मालिकांनी गोव्यासारख्या ठिकाणी बस्तान हलवलं. मे महिन्यात तिथलीही परवानगी गेली. अशा दिवसांत पडदा बदलला, भिंतीचा रंग बदलला, तर मी तरी त्याला चूक म्हणणार नाही.

तिसऱ्या पर्वात तर शेवंताची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. अख्खा चेहरा बदलला! चर्चा झाली, पण प्रेक्षक पुढे बघत राहिले. गंमत आहे ना? बदललेलं माणूस आपण स्वीकारतो, पण बदललेला कप खटकतो. कारण नवी नटी म्हणजे आपल्याला उघडपणे सांगितलेला करार असतो, कपाचं कुणी सांगितलेलं नसतं.

कथेतली चूक किती जुनी असू शकते बघा. शेरलॉक होम्सच्या डॉ. वॉटसनला पहिल्या कादंबरीत, 1887मध्ये, गोळी खांद्याला लागलेली आहे. 1890च्या दुसऱ्या कादंबरीत दुखतोय तो पाय. कॉनन डॉयल साहेबांनी याचा खुलासा कधी केला नाही. वाचक मात्र शंभर वर्षं वाद घालत राहिले. शेवटी बीबीसीच्या 2010च्या ‘शेरलॉक’ मालिकेने त्यातूनच मार्ग काढला. जखम खांद्याची, लंगडणं मनातलं. होम्स ते ओळखतो आणि वॉटसनचा स्वभाव आपल्याला तिथेच कळतो. एकाची चूक दुसऱ्याने धागा म्हणून वापरली. मला ही सगळ्यात सुंदर दुरुस्ती वाटते.

[श्रोत्यांमधून प्रश्न : सर, पण हे सगळं टीव्हीपुरतंच ना? खऱ्या गुन्ह्यात याचा काय उपयोग?]

चांगलं विचारलंत. मला तिकडे यायचंच होतं. 1 जुलै 2024पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे. म्हणजे पंचनाम्यालाही कॅमेरा आला. शिवाय चौकातल्या सीसीटीव्हीची क्लिप तासाभरात प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते. मग मालिका बघून तयार झालेली आपली नजर कामाला लागते. ‘बघा, माणूस इथून एकदम तिकडे गेला, म्हणजे व्हिडिओ कापलाय!’ थांबा. अनेक कॅमेरे हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करतात, मधली शांत मिनिटं त्यात नसतातच. घड्याळ मागेपुढे असतं. तिथे उडी दिसली, म्हणजे कुणी कात्री चालवली असं सिद्ध होत नाही. पण तेवढ्या क्लिपवरून गावात एखाद्याचं नाव खुनी म्हणून फिरायला लागतं. मालिकेतल्या नटाला त्याने काही होत नाही, तो पॅकअप करून घरी जातो. इथे त्या माणसाच्या घराचं दार लोकांसाठी बंद होतं.

उलट बाजूही सांगतो. साक्षीदारांच्या सांगण्यात बारीकसारीक फरक असणं न्यायालयं स्वाभाविक मानतात. शर्ट निळा होता की आकाशी, एवढ्यावरून साक्ष फेकून देत नाहीत. हल्ला कुणी केला, कशाने केला, यात फरक पडला तर तो मुळावरचा फरक. आणि पाच साक्षीदार शब्दन्‌शब्द पोपटासारखं सारखंच बोलले, तर उलट संशय येतो. ‘दृश्यम’ हा हिंदी चित्रपट आपल्या निशिकांत कामत यांनी 2015मध्ये केला. त्यातलं कुटुंब काय करतं? तिकिटं, पावत्या, भेटलेल्या लोकांच्या आठवणी, सगळं जुळवून 2 आणि 3 ऑक्टोबरची अखंड गोष्ट उभी करतं. तिथे कंटिन्यूइटीत एकही चूक नाही. पोलीस अधिकारी मीरा देशमुख हिला खटकतं ते नेमकं तेच.

आता पुढचा प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या ताई केव्हाच्या हात वर करून बसल्यात.