स्कॉलरशिप मिळाली, आता व्हिसा?

आंतरराष्ट्रीय एड्स परिषद दर दोन वर्षांनी भरते. नोंदणी शुल्क, विमानभाडं आणि हॉटेल यांचा एकत्र आकडा पाहिला, तर तालुक्याच्या गावी मानधनावर काम करणारी समुपदेशक तिथे जायचा विचारही करणार नाही. म्हणूनच परिषद भरवणारी इंटरनॅशनल एड्स सोसायटी स्कॉलरशिप देते. पण एड्सवर काम करणाऱ्या संस्थांमध्ये या स्कॉलरशिपचा विषय निघाला की काही ठरावीक समजुती हमखास ऐकू येतात.

पहिली, ‘ते पैसे डॉक्टरांचे.’ मुळीच नाही. परिचारिका, कार्यकर्ते आणि एचआयव्हीसह जगणारी माणसंही अर्ज करू शकतात. हा आयोजकांचा मोठेपणा आहे असंही समजू नये. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या एका आरोग्य परिषदेत एड्सचे रुग्ण स्वतः मंचावर आले आणि आमच्याविषयीचे निर्णय आम्हाला वगळून घेऊ नका, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ती मागणी तेव्हापासूनची आहे.

दुसरी समजूत नेमकी उलटी. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारला, म्हणजे खर्च मिळालाच.’ अ‍ॅबस्ट्रॅक्टची, म्हणजे संशोधनाच्या सारांशाची, निवड वेगळी, स्कॉलरशिपची वेगळी. पोस्टर लावायला मिळालं तरी नोंदणीचे पैसे खिशातून भरावे लागू शकतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं (आयसीएमआर) प्रवास अनुदान हा आणखी निराळा मार्ग, तो संशोधन सादर करणाऱ्यांसाठी.

‘फुकटात फॉरेन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तपशील पाहावा. तिकीट इकॉनॉमीचं, खोली अनेकदा अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायची, भत्ता जेवणापुरता. काहींना तर फक्त नोंदणी शुल्काची माफी मिळते, बाकीचं ज्याचं त्याने बघायचं.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘आयोजकांचं पत्र आहे ना, मग व्हिसा मिळेलच.’ व्हिसा सरकार देतं, परिषद नव्हे. वकिलातीला बँकेचं स्टेटमेंट हवं, नोकरीचा पुरावा हवा, परत येण्याची खात्री हवी. ज्याच्याकडे हे सगळं असतं त्याला बहुतेकदा स्कॉलरशिपची गरजच नसते! २०२२ मध्ये परिषद मॉन्ट्रियलला भरली, तेव्हा आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या शेकडो लोकांना कॅनडाने व्हिसा नाकारला किंवा तो वेळेत दिला नाही. काहींचं तिकीटही निघालेलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यानयिमा यांचीसुद्धा जिनिव्हाच्या विमानतळावर कागदपत्रं पुन्हा पुन्हा तपासली गेली. त्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

ही अडचण जुनीच. एचआयव्हीग्रस्तांना अमेरिकेत प्रवेश नाही, असा नियम १९८७ पासून होता. १९८९ मध्ये हान्स पॉल व्हेरहूफ हा डच कार्यकर्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य परिषदेला निघाला होता. मिनियापोलिसला त्याच्या सामानात एचआयव्हीवरचं एझेडटी हे औषध सापडलं आणि त्याला डांबून ठेवलं गेलं. पुढे १९९२ ची एड्स परिषद याच नियमापायी बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. बंदी उठली जानेवारी २०१० मध्ये, त्यानंतरच परिषद २०१२ साली वॉशिंग्टनला भरली. तेव्हाही देहविक्रय करणाऱ्यांच्या प्रवेशाला अमेरिकेचा कायदा आडवा आलाच. मग त्याच जुलैत अनेक देशांतल्या देहविक्रय करणाऱ्या कार्यकर्त्यांनी कोलकात्यात आपला वेगळा मेळावा भरवला.

तेव्हा वेळेचं गणित आधी मांडावं. जुलैच्या परिषदेसाठी स्कॉलरशिपचे अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीलाच बंद होतात. परिषद युरोपात असेल तर शेंगेन देशांचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तो स्कॉलरशिपमध्ये धरलेला आहे का, हे आधीच विचारून घ्यावं. पासपोर्ट मात्र आजच काढायला टाकावा.

आणि ‘तुमची निवड झाली आहे, तिकीट आमचं, फक्त हॉटेलचे पैसे आगाऊ पाठवा’ असा ईमेल आला तर एक पैसाही पाठवू नये. अर्ज न करता झालेली अशी निवड म्हणजे ठगांची जुनी चाल आहे.