मांडवीची हद्द आणि आपला हक्क

रत्नागिरीची मांडवी म्हटली की बाहेरगावच्या माणसाला बंदराची जेटी, काळी वाळू आणि संध्याकाळची गर्दी आठवते. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठाणे. बंदरावर उतरलेल्या मालाची पट्टी जेथे वसूल होई, ती मांडवी. म्हणजे या जागेच्या नावातच कारभार आहे. परंतु हा कारभार कोण चालवतो आणि त्यात आपले स्थान काय, असे विचारले तर आपल्यापैकी किती घरांत नेमके उत्तर मिळेल?

प्रथम भूगोल पाहू. मांडवी शहराच्या दक्षिण टोकाला आहे. जवळच राजिवड्याची वस्ती आणि काजळी नदीची खाडी. खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. अलीकडे नगरपरिषद, पलीकडे ग्रामपंचायत. एकच खाडी, एकच वारा, पण पाण्याचा नळ, दिवाबत्ती आणि गटार यांचा अर्ज मात्र दोन वेगळ्या कचेऱ्यांत. पूर्वेला कुवारबाव, नाचणे, मिरजोळे ही गावे शहराला चिकटून वाढली. कोकण रेल्वेचे स्टेशनही तिकडच्याच बाजूला. घरे शहरासारखी झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा राहिला.

आपल्या समाजाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. पूर्वी आपली वस्ती गावकुसाबाहेर ठेवली गेली. आता शहर वाढत वाढत त्याच वस्तीपर्यंत येते. काल जी गावाची कड होती, ती आज शहराची कड होते. म्हणून हद्दवाढ हा केवळ नकाशावरचा विषय नसून तो आपल्या दारातला विषय आहे.

हद्द वाढते कशी? महाराष्ट्रात १९६५चा नगरपरिषद कायदा लागू आहे. एखादे गाव शहरात घ्यायचे तर शासन आधी आपला इरादा जाहीर करते आणि लोकांकडून हरकती मागवते. त्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत असते. हे तीस दिवस फार मोलाचे आहेत. मुदत उलटल्यावर कितीही मोर्चे काढले तरी कागद पुढे गेलेला असतो.

शहरात गेल्याने लाभ की तोटा? दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. नळपाणी, रस्ते, सफाई यांची यंत्रणा नगरपरिषदेकडे मोठी असते, पण घरपट्टीही वाढते. ग्रामपंचायतीत वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, त्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा होते, आणि प्रत्येक मतदाराला तेथे उभे राहून हिशेब विचारता येतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. नगरपरिषदेत अशी सर्व मतदारांची सभा भरताना दिसत नाही. घटनेनेही प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाखांवरील शहरांत, आणि रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार होती. तेव्हा येथे आपला आवाज म्हणजे आपला नगरसेवक, आणि आपण स्वतः.

आपले अनेक चाकरमानी मुंबईच्या उपनगरांत राहतात. त्यांनी हीच वाट पाहिलेली आहे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत शिरली आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. पण शहर पसरले तसे विभाग कार्यालयही नेमले गेले. दहिसरच्या माणसाला नळासाठी बोरीबंदरला जावे लागत नाही. लंडन शहरातही १९६५ मध्ये ३२ बरो केले, त्यांपैकी २० बाहेरच्या उपनगरांत. कारभार लोकांच्या जवळ असावा, हे तत्त्व सगळीकडे एकच.

नगरपालिकेचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने, सुरबानाना टिपणीसांच्या काळात, चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला. ठराव होतो, ठराव मोडतोही. पहारा ठेवणारे लोक असतील तरच तो टिकतो, हा महाडचा धडा आहे.

आज घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपरिषदेत अनुसूचित जातींना लोकसंख्येप्रमाणे जागा मिळतात. महाराष्ट्रात स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असेही घटना सांगते. तरीही राज्यातील अनेक नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले आणि निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्या काळात लोकांनी निवडलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. ही उणीव आपण साधी समजू नये.

तेव्हा काय करावे? नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. वस्तीतील दोघांनी तरी जाऊन बसावे. अर्ज तोंडी न करता दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. कचेरीत काम करणारे आम्ही सांगतो, शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. वस्ती सुधारणेसाठी आलेला निधी कोठे गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. घरपट्टीची पावती जपून ठेवावी आणि मतदार यादीत आपले नाव कोणत्या प्रभागात आहे ते आजच पाहावे.

महिला मंडळातील भगिनींनी यात पुढे व्हावे, कारण पाण्याची हंडा-कळशी शेवटी त्यांच्याच डोक्यावर येते. हद्द शासन ठरवील. पण हद्दीच्या आत असो वा बाहेर, आपण रहिवासी म्हणून जगायचे की नागरिक म्हणून, हे मात्र आपणच ठरवायचे आहे.