शून्य क्रमांकाचा मालक

युनिक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात, पण यंत्रणेला या नावाशी काही देणंघेणं नसतं. ती क्रमांक बघते. क्रमांक शून्य असेल, तर नाव काहीही ठेवा, सत्ता त्याचीच. म्हणूनच लिनक्स किंवा मॅकवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतःचे अधिकार तपासायला एक ओळ पुरते: ‘गेटईयूआयडी’ला विचारायचं आणि उत्तर शून्य येतं का ते पाहायचं.

या नावातला ‘ई’, म्हणजे ‘इफेक्टिव्ह’ (प्रत्यक्षात लागू असलेला), महत्त्वाचा. पासवर्ड बदलण्याचा प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्यानं सुरू केला तरी तो रूटच्या अधिकारानं चालतो. ही सोय डेनिस रिची यांची. तिचं पेटंट १९७९ साली मंजूर झालं. प्रोग्रॅम सुरू कोणी केला आणि तो कोणाच्या अधिकारानं चालतोय, या दोन गोष्टी या सोयीमुळे वेगळ्या झाल्या. तपासायची ती दुसरी.

अधिकार तपासणारी ती ओळ पायथॉनमध्ये लिहून विंडोजवर चालवली की प्रोग्रॅम कोसळतो, कारण तिथे हे फंक्शनच नाही. विंडोजमध्ये शून्य क्रमांकाचा मालक नसतो, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ नावाचा गट असतो. तेही नाव भाषेगणिक बदलतं. जर्मन विंडोजवर त्याचं ‘आडमिनिस्ट्राटोरेन’ होतं आणि नावावर विसंबलेली स्क्रिप्ट फसते. बदलत नाही तो गटाचा ओळखक्रमांक, एस-१-५-३२-५४४.

खरी गुंतागुंत व्हिस्टानं आणली. तेव्हापासून या गटातला माणूस लॉगिन झाला की त्याला सहसा दोन टोकन मिळतात: रोजच्या कामाचं छाटलेलं आणि पूर्ण अधिकाराचं. पडद्यावर परवानगीची चौकट येते, तिला ‘हो’ म्हटलं तरच दुसरं वापरात येतं. म्हणजे माणूस अ‍ॅडमिन असतो आणि त्याचा प्रोग्रॅम मात्र नसतो! विंडोजच्या शेल३२ लायब्ररीतलं ‘इजयूजरअ‍ॅनअ‍ॅडमिन’ हे फंक्शन प्रोग्रॅमची ही चालू स्थिती सांगतं. त्यामुळे युनिक्स आणि विंडोज अशा दोन्हीकडे चालणाऱ्या कोडला दोन फांद्या ठेवाव्याच लागतात.

बरं, आता शून्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. लिनक्सनं २.२ आवृत्तीपासून रूटची सत्ता ‘केपेबिलिटी’ नावाच्या तुकड्यांत वाटली. ८० क्रमांकाचं पोर्ट उघडायला त्यातला एकच तुकडा पुरतो, रूट व्हावं लागत नाही. कंटेनरच्या आतला रूट बाहेरच्या यंत्रावर साधा वापरकर्ता असू शकतो. मॅकवर २०१५ च्या एल कॅपिटनपासून रूटलाही सिस्टिमच्या काही फायलींना हात लावता येत नाही.

इन्स्टॉलरनं सुरुवातीलाच अधिकार तपासावेत, हे रास्तच. अर्धवट कॉपी झालेल्या फायली निस्तरणं फार वाईट. एरवी मात्र ‘मी अ‍ॅडमिन आहे का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी परवानगी पाहून मग फाईल उघडली, तर मधल्या क्षणात ती बदलू शकते. हवं ते काम सरळ करून बघावं आणि नकार आला तर तो नीट हाताळावा. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एवढं जरूर करावं: नुसतं ‘परवानगी नाही’ म्हणून थांबू नये, कोणत्या फाईलला नकार मिळाला तिचं नाव पडद्यावर दाखवावं.