लिलावात स्वस्तात लागलं, म्हणजे नफा झाला का?

ऑनलाइन लिलावात इतरांच्या नजरेतून सुटलेली वस्तू कवडीमोलाने घ्यायची आणि तीच चढ्या भावाने विकायची, हा उद्योग ईबेइतकाच जुना आहे. पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ही साइट सुरू केली. तिच्यावर सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंत एक मोडका लेसर पॉइंटर होता आणि त्याला १४.८३ डॉलर आले. मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक असतं, हे तेव्हाच दिसलं. आपल्याकडे मुंबईच्या बाझी डॉट कॉमने लोकांना लिलावाची गोडी लावायचा प्रयत्न केला. २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबे इंडियाचा गाशा गुंडाळला गेला. पण ‘घरबसल्या स्वस्तात घ्या, महाग विका’ असं सांगणाऱ्यांचा जोर काही ओसरलेला नाही. या धंद्यावर पोट भरणारी माणसं खरोखर आहेत. मात्र त्याच्याभोवती पसरलेल्या समजुती ऐकून जे उतरतात, त्यांचं मुद्दलही जातं, म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज: नावातली चूक शोधली की घबाड हाती लागतं

या समजुतीच्या मुळाशी एक बाटली आहे. १८५२ मध्ये सर एडवर्ड बेल्चर यांची मोहीम आर्क्टिककडे निघाली, तेव्हा इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ऑलसॉप कंपनीने तिच्यासाठी खास कडक बिअर गाळली होती. त्या बिअरची एक सीलबंद बाटली २००७ मध्ये ईबेवर आली. विक्रेत्याने ऑलसॉप लिहिताना एक ‘पी’ गाळला. त्यामुळे शोधणाऱ्या संग्राहकांना ती दिसलीच नाही आणि तीनशे डॉलरच्या आसपास ती विकली गेली. घेणाऱ्याने स्पेलिंग दुरुस्त करून ती पुन्हा लिलावाला लावली. बोली चढत चढत ५,०३,३०० डॉलरवर जाऊन थांबली.

इथवरची गोष्ट हौसेने सांगितली जाते. पुढची बहुतेक जण गाळतात. ती शेवटची बोली थट्टेने लावलेली निघाली आणि पाच लाख डॉलर कोणी मोजलेच नाहीत. लिलावातला आकडा वाचताना हे पहिलं ध्यानात ठेवावं: बोली लागणं वेगळं, पैसे हातात पडणं वेगळं.

शिवाय २००७ चे दिवस आता राहिलेले नाहीत. शोधयंत्र नेहमीच्या चुका आपणहून समजून घेतं, फोटोवरून शोधता येतं, आणि चुकीची स्पेलिंग हुडकणारी साधनं कितीतरी वर्षांपासून सगळ्यांना खुली आहेत. तुम्हाला सापडलेली चूक आणखी चारजणांनी पाहिलेली असते. ज्यांना खरोखर काही गवसतं, ते स्पेलिंगवर विसंबत नाहीत. ‘आजोबांच्या खोलीतल्या वस्तू’ अशा नावाने लावलेल्या खोक्याचा फोटो ते मोठा करून बघतात आणि कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या भिंगाच्या कडेवरची अक्षरं त्यांना ओळखू येतात. ही पारख त्या वस्तूत वर्षं घालवल्यावरच येते.

गैरसमज: विकणाऱ्याला किंमत ठाऊक नाही, म्हणून आपलं फावतं

कधी कधी हे खरंही असतं. अमेरिकेतली गुडविल ही धर्मादाय संस्था लोकांनी दान केलेल्या वस्तू १९९९ पासून स्वतःच्या लिलाव-साइटवर विकते. तिथे प्रत्येक वस्तूची पूर्ण ओळख पटवायला कोणाला सवड नसते, म्हणूनच फेरविक्रीवाले त्या साइटवर डोळा ठेवून असतात.

पण अजाणपणाचं सोंगही घेता येतं. मे २००० मध्ये ईबेवर एक मोठं अमूर्त चित्र आलं. बोलीची सुरुवात होती २५ सेंट. वर्णन एखाद्या भाबड्या गृहस्थाने लिहावं तसं: चित्र जुन्या सामानात मिळालं, मुलाच्या तीनचाकी सायकलने त्याला भोक पडलं आहे. चित्रकाराचं नाव कुठेच नाही, मात्र फोटोत एका कोपऱ्यात ‘आरडी ५२’ अशी अक्षरं दिसत होती. जाणकारांनी ओळखलं, हा नामवंत अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न! बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. मग उलगडा झाला. विक्रेता सॅक्रामेंटोचा वकील होता, वर्णनातली गोष्ट बनावट होती, आणि तो व त्याचे साथीदार वेगवेगळ्या खात्यांवरून एकमेकांच्या वस्तूंवर बोली चढवत होते. ईबेने विक्री रद्द केली. वकिलाने पुढे गुन्हा कबूल केला.

‘या बिचाऱ्याला काही कळत नाही’ असं वाटून मन हरखतं, त्याच क्षणी माणूस तपासणी सोडून देतो. त्या वकिलाने नेमका हाच क्षण हेरला होता. मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की गळाला लागलेले लोक अडाणी नव्हते. त्यांना थोडंफार कळत होतं, म्हणूनच ते फसले.

गैरसमज: शेवटच्या सेकंदाला बोली लावली की वस्तू स्वस्तात मिळते

ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम भरता. यंत्रणा ती गुप्त ठेवते आणि समोरच्याला मागे टाकण्यापुरतीच तुमची बोली वाढवते. एखाद्याने १०० डॉलर भरून ठेवले आणि दुसऱ्याची मजल ६० पर्यंतच असली, तर पहिल्याला वस्तू ६१ ला पडते. आता शेवटच्या तीन सेकंदांत तुम्ही ७० ची बोली टाकलीत, तरी हरता. उलट त्याची किंमत मात्र वाढवून ठेवता. उशिरा बोली लावण्याचा फायदा एवढाच, की इतरांना विचार बदलायला वेळ उरत नाही. आल्व्हिन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये यावर लिहिलेला शोधनिबंध गाजला. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो, म्हणून तिथे शेवटच्या मिनिटाला झुंबड उडते. अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की मुदत आपोआप वाढत असे, त्यामुळे तिथे ही घाई बरीच कमी दिसली.

खरी जोखीम घड्याळात नाही, जिंकण्यातच आहे. एका वस्तूची किंमत दहाजण आपापल्या परीने अंदाजतात. कोणाचा अंदाज खाली, कोणाचा वर. लिलाव जिंकतो तो सगळ्यात वरच्या अंदाजाचा माणूस, म्हणजे बऱ्याचदा सगळ्यात जास्त चुकलेला. अर्थशास्त्रज्ञ याला विजेत्याचा शाप म्हणतात. पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताचसू यांनी ईबेवरच्या नाण्यांच्या लिलावांचा अभ्यास करून २००३ मध्ये मांडलं, की बोली लावणारे हा शाप हिशेबात धरतात आणि स्पर्धक वाढतील तसा हात आखडता घेतात. नवखा माणूस गर्दी पाहून चेव येऊन पुढे जातो, आणि फेरविक्रीसाठी घेणाऱ्याला तर हा चेव परवडतच नाही, कारण त्याला ती वस्तू पुन्हा याच बाजारात विकायची असते.

गैरसमज: ४५ ला घेतलं, १२० ला विकलं, ७५ सुटले

इथे जरा थांबून हिशेबच मांडू. समजा, अमेरिकेतल्या कोणी पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा लिलावात घेतला. १९७६ ते १९९७ एवढा काळ बनत राहिलेला, विद्यार्थ्यांचा आवडता कॅमेरा. बोली लागली ४५ डॉलरला. टपालखर्च १४. त्यावर विक्रीकर साधारण ४. घरात येईपर्यंत ६३ झाले. मागचं झाकण उघडल्यावर दिसतं, की प्रकाश अडवणाऱ्या स्पंजच्या पट्ट्यांचा चिकट काळा लगदा झाला आहे. या वयाच्या कॅमेऱ्यांत हे ठरलेलंच. तो खरवडून नव्या पट्ट्या बसवायला १० डॉलर. एकूण ७३.

आता विक्री. १२० ला विकला आणि टपालाचे १४ गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले. ईबेचं कमिशन बहुतेक वर्गांत साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते नुसत्या १२० वर लागत नाही. टपालखर्च आणि गिऱ्हाइकाने भरलेला विक्रीकर धरून जी रक्कम होते, तिच्यावर ते कापलं जातं. म्हणजे सुमारे २० डॉलर गेले. टपालाचे १४, खोकं आणि बबलरॅपचे ३. हाती आले ९७. नफा २४ डॉलर, आणि त्यासाठी वस्तू शोधणं, साफ करणं, तपासणं, फोटो काढणं, बांधणं यात गेलेला अर्धा दिवस. गिऱ्हाइकाने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून कॅमेरा परत पाठवला, तर दोन्ही बाजूंचं टपाल आपल्या अंगावर, आणि आधीच्या एका कॅमेऱ्याचा नफा त्यात बुडतो. तरीही बढाई मारताना आकडा सांगितला जातो ७५ चाच.

याच कॅमेऱ्याने माहितीची किंमतही दाखवता येते. ‘बॅटरी नव्हती, म्हणून तपासला नाही’ असं वर्णन पुष्कळदा दिसतं. पण के-१००० मध्ये बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला, शटर पूर्ण यांत्रिक आहे आणि बॅटरीशिवाय चालतं. तेव्हा शटर दाबून पाहायला विक्रेत्याला कसलीच अडचण नव्हती. हे ज्याला माहीत आहे तो एक प्रश्न विचारतो आणि उत्तरावरून बोली ठरवतो. ज्याला माहीत नाही तो स्वस्त म्हणून घेतो.

विक्रीचा भाव ठरवतानाही अशीच गल्लत होते. दुसऱ्या कोणी तोच कॅमेरा ३०० डॉलरला लावला आहे, म्हणून त्याची किंमत ३०० होत नाही. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी वेगळी चाळणी आहे, तिच्यात गेल्या सुमारे ९० दिवसांत झालेल्या विक्रीच्या रकमा दिसतात. त्याहून मागचं पाहायला विक्रेत्यांसाठी टेरापीक हे साधन आहे. भाव तिथे बघावा. आणि भावाबरोबर खपही बघावा, कारण पन्नास नग मांडलेले आणि महिन्यात दोनच विकलेले असतील, तर आपला माल वर्षभर पडून राहणार हे उघड आहे.

गैरसमज: घरात जुनं नाणं आहे, ऑनलाइन लाखो मिळतील

हा मात्र थेट आपल्या घरातला विषय. अमुक देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना, असे संदेश अजून फिरतात. नाणं कोणी घेत नाही. आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ मागितलं जातं आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जातं. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर पत्रक काढून बजावलं, की अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी कधीही शुल्क घेत नाही. टाकसाळीतून कोट्यवधींनी बाहेर पडलेलं नाणं दुर्मीळ कसं असेल, एवढा साधा प्रश्न विचारला तरी पुरे. या जाळ्यात निवृत्तिवेतनावर जगणारी म्हातारी माणसं सापडतात, म्हणून हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला गेला पाहिजे.

खरोखर जुन्या नाण्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथे कायदा आडवा येतो. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत चाललेली तांब्याची शिवराई आजही महाराष्ट्रात संग्राहकांकडे आणि जुन्या बाजारात दिसते. नकलाही तितक्याच दिसतात. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्याकडे दोनशे रुपयांत मिळालेली शिवराई परदेशातल्या संग्राहकाला डॉलरमध्ये विकायचा बेत नफ्याचा वाटेल, पण तो गुन्हा आहे. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहिल्याने त्यात काही बदलत नाही.

गैरसमज: हौसेने विकतो, मग कर कसला?

घरातलं वापरलेलं सामान काढून टाकणं आणि विकण्यासाठीच घेणं, यात कर खाती फरक करतात. ब्रिटनमध्ये अशा व्यवहारातून वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या उलाढालीला सूट आहे. ही सूट नफ्यावर नाही, एकूण विक्रीवर मोजतात, आणि बरेच जण नेमके इथे चुकतात. २०२४ पासून तिथल्या साइटना विक्रेत्यांची माहिती कर खात्याला द्यावी लागते. भारतात जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटी पूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो, ही सोय आहे. ती घ्यायची तर खरेदीची नोंद ठेवावी लागते.

स्वस्तात घेऊन महाग विकणं म्हणजे लबाडी, असंही काहींना वाटतं. खुल्या लिलावात सगळ्यांसमोर बोली लावून घेतलेली वस्तू महाग विकण्यात काही गैर नाही. दोष झाकून विकली, तर गैर आहे.

या व्यवसायात टिकून असलेली माणसं बहुधा एकाच जातीच्या मालात मुरलेली असतात: कोणी फक्त घड्याळं, कोणी शिलाई मशीनचे सुटे भाग, कोणी टपाल तिकिटं. ती अख्खा लॉट घेतात, वेगळा करतात, दुरुस्त करतात आणि ज्या गिऱ्हाइकाला नेमका तोच तुकडा हवा आहे त्याच्यापर्यंत पोचवतात. बोली लावायच्या आधी आपली कमाल रक्कम कमिशन, टपाल आणि परत येणारा माल धरून कागदावर लिहितात, आणि भाव त्यापुढे गेला की त्या लिलावातून बाहेर पडतात.