दुसऱ्या महिन्याची स्लाइड

बेडक्याच्या स्लाइडवर कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि खालून आच द्यायची. वाफ दिसली की जाळ बाजूला. उकळी फुटता कामा नये. पाच मिनिटांनी धुवायची, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, शेवटी मिथिलीन ब्लू. भिंगाखाली निळ्या भूमीवर लाल काड्या दिसतात. एका फील्डमध्ये दहाहून जास्त भरल्या, की आमच्या भाषेत ‘थ्री प्लस’.

क्षयाचे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले, की हीच स्लाइड पुन्हा करतात आणि औषध लागू पडतंय का ते ठरवतात. पण मेलेला जंतूही तितकाच लाल रंगतो. शिवाय ती काडी कोणाची, हे रंग सांगत नाही. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, गुराढोरांकडून येणारा बोव्हिस, माती-पाण्यातले एनटीएम, सगळे ॲसिडला दाद न देणारे.

खरं काय ते कल्चर सांगतं. एमजीआयटीची नळी ३७ अंशांवर, ४२ दिवसांपर्यंत. नळी पॉझिटिव्ह आली की तिच्यातला थेंब रंगवून बघतो. ट्युबरक्युलोसिसचे जंतू वेणीसारखे गुंफलेले असतात. दिसायला सुरेख, पण काही एनटीएमही तशीच वेणी घालतात, म्हणून डोळ्यांवर न विसंबता एमपीटी६४ची पट्टी लावायची. पंधरा मिनिटांत रेघ उमटली, तर तो क्षयाच्या कुळातला.

बोव्हिस इथूनही सहसा सुटतो, कारण कूळ एकच. तो उघडा पडतो औषधांच्या चाचणीत: बाकीची औषधं चालतात, पायराझिनामाइड तेवढं चालत नाही. हे औषध जंतूच्या पोटात जाऊन तिथल्या एन्झाइमने फुटलं तरच मारतं. बोव्हिसच्या पीएनसीए जनुकात एक अक्षर बदललेलं, म्हणून एन्झाइम निकामी. नऊ महिन्यांचा कोर्स सहावर आला तो याच औषधाच्या भरवशावर. साहजिकच बोव्हिसच्या रुग्णाला बहुधा नऊ महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बीसीजीची लस बोव्हिसपासूनच झालेली, तिच्यातही ही खोड उतरली आहे.

एनटीएमचं गणितच निराळं. एव्हियमला ॲझिथ्रोमायसिनचा आधार लागतो, आणि कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही वर्षभर औषधं. ॲबसेससला तर रिफॅम्पिसिनचं काहीच वाटत नाही. अशा रुग्णाची दुसऱ्या महिन्याची स्लाइड लाल आली, की पहिला संशय गोळ्या चुकवल्याचा. माझ्या मते आधी जंतूची ओळख तपासावी, मग रुग्णाची उलटतपासणी.