अण्णांची दहाची गोळी

"आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या," असं सांगून हॉस्पिटलने अण्णांना सोडलं. त्यांना तोंडाचा कॅन्सर होता. केमो चालू होती तोवर खर्च विमा योजनेतून भागत होता. घरी आणल्यावर आमचं कोणीच राहिलं नाही. विमा प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णाला पैसे देतो. घरी येऊन जखम धुणाऱ्या नर्सचे पैसे त्यात बसेनात.

रात्री अण्णा उशीत तोंड खुपसून कण्हायचे, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तालुक्यातली सगळी मेडिकल पालथी घातली. मॉर्फिनचं नाव वाचलं की दुकानदार चिठ्ठी परत करायचा.

गोळी महाग नाही. ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं, तिची सरकारी परवान्याने शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडेही होते. पण १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर परवाने इतके किचकट झाले, की बहुतेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त संस्थेला औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. तरी ती मान्यता कुणीतरी मागावी लागते, आणि मॉर्फिन द्यायला शिकलेला डॉक्टर लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचं धोरण केलं आणि हे काम पंचायतींकडे सोपवलं. तिथे नर्स रुग्णाच्या घरी जाते, गावातले स्वयंसेवक सोबत असतात. महाराष्ट्राचंही धोरण २०१२ मध्ये आलं. पण तशी नर्स आमच्या उंबऱ्यापर्यंत आली नाही. गोळीसाठी मला एसटीने पुण्याच्या हॉस्पिटलात जावं लागलं.

तिथल्या सिस्टरांनी मला शेजारी बसवून वहीत गोळीच्या वेळांचा तक्ता आखून दिला. सहा, दहा, दोन, सहा. रात्री दहाला दुप्पट. "म्हणजे दोन वाजता उठवायला नको, ताई. आणि पोट साफ व्हायचं औषध रोज द्यायचं, विसरायचं नाही." त्यांनी जखमेचा वास कमी करायची पावडर दिली, ती कशी भुरभुरायची तेही दाखवलं. एवढं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या रात्री मी सवयीने दोनला जागी झाले. अण्णा कुशीवर वळून झोपले होते, तोंड उशीबाहेर. मी दिवा न लावता तशीच बसून राहिले.